शोभाचं वारं

मंगळवार, ११ जानेवारी १९८३

काल दिवेलागणीला शोभा मोकळी झाली. मुलगी. मांडीवर घेतली तर रडायच्या आधी जांभई दिली. गंगव्वा सुईण म्हणाली, "आक्का, ही तुझ्यावर गेली बघ. आल्या आल्या कटाळली." गंगव्वाचं तोंड नाळ कापतानाही बंद नसतं.

ही डायरी सावकारांनी दिवाळीत वाटलेली, वखारीचं नाव छापलेली. कोरीच होती. तंबाखूचे भाव लिहायला माझी काय वखार हाय? आता नात आली, तर लिहावं वाटलं. मी तिसरी शिकलेली. आमचे मास्तर म्हणायचे, बाईनं 'गेले' लिहायचं, 'गेलो' न्हाय. निपाणीत आम्ही बाया सगळ्या गेलोच म्हणतो. ध्यानात ठेवीन, ऱ्हायलं तर ऱ्हायलं. वाचणार मीच.

नाव बारशाला. तोवर चिंगी. कानाची पाळी शोभाच्या बापासारखी, गालाला चिकटलेली. ते असते तर वखारीतल्या सगळ्या हमालांना चहा पाजला असता. मी साखर वाटली. मुलगी म्हणून ज्यांनी तोंड वाकडं केलं त्यांना एकेक चिमूट जास्त दिली.

शुक्र. १४ जाने. संक्रांत

पाचवी पण आजच. सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद, पेन ठेवलं. घरात पेन एकच, म्हणून मला आत्ता लिहायला मिळतंय. तिनं काय लिहिलं कळत न्हाय, कागद तर कोराच हाय.

चिंगी दूध पिऊन पाय ताणते. तीळगुळासारखी गोल मूठ. बघत बसलं की विड्या ऱ्हातात. ऱ्हाऊ देत.

शोभा झोपत न्हाय. पोरगी झोपली तरी हिचे डोळे छपरात. म्हटलं, डोळा लाव गं जरा.

"लावला तर हिला कोण बघणार?"

"मी हाय की."

"तू बी झोपतीस. सगळी झोपतात."

विड्यांतून वेळ मिळाला की मी दुसऱ्यांच्या घरी बाळंतिणींना न्हाऊ घालतो. सावकारांच्या सुनेलाही मागच्या साली मीच घातलं. गरम पाणी पडलं की बाईचं अंग कसं सैल पडतं, निम्म्या बाया न्हाणीतच पेंगतात. शोभाचं अंग पाण्याखाली पण ताठ. लाकूड न्हाऊ घातल्यासारखं.

बुध. १९ जाने.

शोभानं सूप मागितलं, विड्या वळते म्हणाली. बाळंतिणीनं वळू नये, पण हात चालला की डोकं थाऱ्यावर येईल म्हणून दिलं. पाला, तंबाखू, दोरा, सगळं पुढ्यात. भराभर वळल्या, जुडी बांधून दिली. हातात घेतली तर हलकी. एक उकलून बघितली. नुसतं पान. तोंड नीट मुडपलेलं, दोरा नीट, आत तंबाखूच न्हाय. सगळ्या तशाच. विड्या मात्र देखण्या.

"शोभा, तंबाखू गं?"

"भरला की."

मग चिंगीकडं बोट करून म्हणाली, "ही कुणाची आणून ठेवलीस? माझी विहिरीत हाय."

मी हसण्यावारी नेलं. हसू काय आलं न्हाय.

शुक्र. २१ जाने.

आज बारसं व्हायचं, पुढं ढकललं. शोभा सकाळी रडत होती, दुपारी गात होती, पाळण्याचं न्हाय, भलतंच. चिंगीला पाजायचं ते मी धरून बसायचं. गंगव्वा आली, नाडी बघितली, म्हणाली, "आक्का, हे बाळंतवारं. कच्च्या अंगात वारं शिरतं, डोक्याला चढतं. शेक दे, वेखंड दे. उतरलं न्हाय तर डॉक्टर बघ."

संध्याकाळी जावई आले. महादेव माणूस गरीब. बेळगावात फौंड्रीत, घर पिरनवाडीला. चिंगीला दोन्ही हातांनी घेतात, लोखंड उचलल्यासारखी. शोभानं त्यांना ओळखलं, तोंड भिंतीकडं केलं. मी गंगव्वाचे शब्द तसेच सांगितले: बाळंतवारं हाय, घरी सांगा, पैशाची न्हाय पण माणसांची मदत लागंल. मान हलवून शेवटच्या गाडीनं गेले.

सोम. २४ जाने.

विहीणबाई आल्या (दरवेळी लिहायला लांब पडतं, वि.बाई लिहीन). नारळ, खण, हळदकुंकू, संगं दोन बाया. दारातूनच शोभाला हात जोडले. मला कळेना.

"आक्का, घरात वारं आलं आणि तुम्ही शेक देत बसलाय?"

मी म्हटलं, बाळंतवारं.

"तेच की. बाळंतपणात आलं. माझ्या सासूला बी पयल्या बाळंतपणातच आलतं. तीस वर्षं घरात वारं नव्हतं, आक्का. देवी परत आली."

तेव्हा डोस्क्यात प्रकाश पडला. आमच्याकडं वारं दोन. एक दुखण्याचं, एक देवीचं, अंगात येणारं. मी एक सांगितलं, महादेवनं दुसरं नेलं. मी समजावून थकलो, ते न्हाय ओ हे. वि.बाई हसतात. "तुम्ही आई हाय, तुम्हाला भ्या वाटणार."

सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण हलवत न्हाईत. हलवली. टेम्पो आणलेला. शोभाची ओटी भरली, ती ओटीतले तांदूळ एकेक निवडून खाली टाकत होती. चिंगीला माझ्या हातातून घेतली तेव्हा तिनं माझं बोट धरलेलं. सोडवावं लागलं.

घर झाडलं. परत झाडलं.

मंगळ. १ फेब्रु. पिरनवाडी

ऱ्हावलं न्हाय, आले. (गेलो-आलो, काय ते.) बेळगावची गाडी, मग टांगा.

ओसरीवर चपला. आत शोभा पाटावर, केस मोकळे, कपाळभर मळवट. बाया ओळीनं बसलेल्या. आधी मला हसूच फुटत होतं. एकीनं विचारलं, म्हस कवा गाभ जाईल. शोभा बोलली न्हाय. दुसरी म्हणाली, जाईल म्हणत्यात, मान हलवली बघ. तिसरीचा नवरा मुंबैला गेलाय, त्याचं. ती बिचारी रडलीच.

मग शोभा बोलली. "विहिरीत हाय. माझं लेकरू विहिरीत हाय. पाणी लई हाय."

वि.बाईंनी उदबत्ती ओवाळली. मागनं एक म्हातारा म्हणाला, "देवी पाणी दाखवती. कुठं खणायचं इचारा." शोभानं हात वर केला, परसाकडं. मला तरी वाटलं माशी हाकलली. दोघं जण लगेच उठून परसात गेले, खूण करायला.

मी शोभाजवळ गेलो. "शोभे, मी कोण?" तिनं बघितलं. ओठाला भेगा. हळू म्हणाली, "आई, ह्यांना जायला सांग. मला झोप येईना."

चिंगी आतल्या खोलीत, शोभाच्या जावेच्या पोरीजवळ. बाटलीनं पाजतात. तीच जांभई, तीच पाळी. माझ्या पदराला तोंड घासलं आणि माझं सगळं...

महादेवला परसात गाठलं. म्हटलं, एकदा डॉक्टर. नुसतं एकदा. म्हणाला, "आई ऐकायची न्हाय." मी म्हटलं, पोरीला टोचायला न्यायचं म्हणून सांग.

गुरु. ३ फेब्रु.

बेळगावात दवाखान्यात गेलो. मी, शोभा, चिंगी, महादेव. डॉक्टरीणबाई नवीन, मैसूरकडच्या, मराठी कळत न्हाय. कन्नड मला येतं, पण ते सावकारांच्या न्हाणीघरात शिकलेलं. पाणी, दूध, हळद, गरम, गार. आपलं लेकरू हिला आपलं वाटत न्हाय, हे त्यात कसं सांगायचं? मी म्हटलं, "कूस इल्ल अंताळ्री." पोर न्हाय म्हणती.

नर्स अय्यो म्हणाली, शोभाच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला वाटलं, पोर गेलं. चिंगी माझ्या खांद्यावर. मी उचलून दाखवली, हे बघा, हाय की. तवर चिंगीनं नर्सच्या अंगावर धार धरली. महादेव पण हसला, तेवढाच.

डॉक्टरीणबाईंनी टाके बघितले, रक्त बघितलं. सगळं बरं. मग शोभाच्या डोळ्यांत बघत थांबल्या. नर्सला विचारायला लावलं, "निद्दी माडताळेनु?" झोपती का. मी म्हटलं, न्हाय, बाळंत झाल्यापासनं न्हाय. त्यांनी लिहिलं आणि एकच शब्द बोलल्या जो सगळ्या भाषांत एकच हाय. धारवाड.

हिकडं धारवाड म्हणजे येड्यांचा दवाखाना, सांगायला नको. पोरं एकमेकांना चिडवतात, धारवाडला धाडू काय.

बाहेर महादेव भिंतीला टेकला. "आमच्या घरात येडं कोण न्हाय."

संध्याकाळी वि.बाई माझ्यावर ओरडल्या न्हाईत. शेजारी बसल्या. म्हणाल्या, "आक्का, देवी म्हटली तर लोक पाया पडत्यात. येडी म्हटली तर दगडं मारत्यात. उद्या ह्या पोरीला कोण करून घेईल? मी तुमच्या लेकीचं वाईट करतोय व्हय?"

बाई खोटं बोलत नव्हती.

रवि. ६ फेब्रु. निपाणी

विड्या द्यायच्या होत्या म्हणून परत यावं लागलं. न्हाय तर वखारीतनं पुढचा पाला मिळत न्हाय.

सावकारांच्या घरी गेलो. मागच्या साली ह्यांची सूनबाई बाळंत झाल्यावर अशीच गप पडलेली, पोराला हात लावत नव्हती. मग एक दिवस गाडीतनं मिरजेला न्हेलं. आम्हाला सांगितलं, हवापालट. मालकीणबाईंना विचारलं, तो डॉक्टर कोण?

"कसला डॉक्टर? तिला अशक्तपणा होता. हवापालटीनं बरी झाली." आणि मला तांदूळ निवडायला बसवलं.

सूनबाई मागच्या दारानं आली. पोरगं कडेवर, गुटगुटीत. हळू म्हणाली, "आक्का, मलाबी विहीर दिसायची. मी कुणाला सांगितलं न्हाय. तिथं डॉक्टर मराठी बोलायचे. गोळ्या दिल्या, झोप आली, मग हळूहळू... अजून घेतो मी. सासूबाई चांदीच्या डबीत ठेवतात, कुणाला कळू नये म्हणून."

मी म्हटलं, आमच्याकडं त्याला देवी म्हणतात.

ती म्हणाली, "न्हेऊ नका म्हणतील. न्ह्याच. त्या मिरजेच्या डॉक्टरचं बिल आम्हालाच जड गेलं, तुम्हाला न्हाय झेपायचं. पण धारवाडला बी त्याच गोळ्या मिळतात, डॉक्टरच म्हणालते."

त्यांना हवापालट, आम्हाला वारं. तांदूळ निवडता निवडता हेच डोक्यात फिरत राहिलं. खडे ऱ्हायले असतील तांदळात.

शुक्र. ११ फेब्रु.

महादेव आला, दुपारच्या गाडीनं, कामाच्या कपड्यातच. पायात चप्पल न्हाय.

काल शोभा चिंगीला फडक्यात गुंडाळून मळ्याच्या जुन्या विहिरीवर गेली. काठावर बसलेली, पाय आत सोडून. म्हशीचं विचारणारी ती बाई पाण्याला आलती, तिनं मागनं पदर धरला. शोभा म्हणाली, "सोड. एक आत हाय, तिला दुसरी सोबत न्हेतो."

चिंगी ठीक हाय. हे मी त्याच्याकडनं चारदा वदवून घेतलं.

"आई काय म्हणती?"

"म्हणती देवीला विहिरीची पूजा पायजे होती. पण रात्री ती बी झोपली न्हाय. दाराला टेकून बसलेली." मग म्हणाला, "धारवाडला न्हेऊ. पण गावात सांगायचं, पेढे आणायला गेलोय."

सोम. १४ फेब्रु. धारवाड

बसमध्ये शोभा माझ्या नि महादेवच्या मध्ये. चिंगी मांडीवर. वाटंत कुणीतरी विचारलं, कुठं निघाला? महादेव म्हणाला, पेढ्याला. त्या माणसानं बाळंतिणीकडं बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला. इकडच्या सगळ्यांना पेढ्याचं माहीत हाय वाटतं.

मोठं आवार, झाडं. मला वाटलेलं साखळ्या असतील. बाया उन्हात केस विंचरत बसलेल्या. एक शिपाई बेळगावकडचा निघाला, मराठी बोलणारा, त्याला मध्ये बसवला. डॉक्टर वयस्कर. सगळं ऐकलं, विहीर, रिकाम्या विड्या, देवी. देवीला हसले न्हाईत. म्हणाले, "बाणंती सन्नी." शिपाई म्हणाला, आपलं बाळंतवारं ते हेच. बरं होतं म्हणाले. लवकर आणली असती तर लवकर. बऱ्याच बाया येतात, पण बऱ्याच येतच न्हाईत.

शोभाला ठेवून घेतली. दूध तोडायचं, पोर घरी न्यायचं. शोभाला सांगितलं तर म्हणाली, "न्हे. ही विहिरीतली न्हाय." मला कळलं न्हाय, हे चांगलं का वाईट.

पेढे घेतले. महादेवनं पैसे देताना तोंड फिरवलं.

मंगळ. १ मार्च

चिंगी माझ्यापाशी. लिहायला उशीर झाला, कारण ही हसायला लागली. मी विडी वळली की हसते, दोरा दिसला की पाय मारते. गंगव्वा म्हणते, आक्का, म्हातारपणी तुला पान्हा फुटंल. मी तिच्याशी दिवसभर बोलतो, सावकारांचा स्वभाव, भाजीचे भाव, तिच्या आज्याची चाल. तिला कळतं. म्हणजे मला तरी तसं वाटतं.

धारवाडला जाऊन आले, दिवस जातो, विड्या बुडतात. शोभा झोपून होती. झोपलेली. मी बाकावर बसून नुसती तिची झोप बघितली. उठल्यावर म्हणाली, "आई, दूध कुठलं पाजतीस? पाणी घालतीस का न्हाय?" रागानंच विचारलं. मला लई बरं वाटलं.

गुरु. २४ मार्च

शोभा घरी. जाडी झाली, जीभ जड, हात कापतो, गोळ्यांनी कापतो म्हणे. चिंगीला घेते, पण आधी मला विचारते, "घेऊ?" आज विड्या वळल्या. मी चोरून एक उकलून बघितली. तिनं बघितलं मला बघताना.

"भरलाय आई. बघ की सगळ्या."

हसली. सगळ्या विड्या वाकड्या झालेल्या, कापऱ्या हातामुळं. वखारीतला मुनीम निम्म्या छाटणार. छाटू देत.

दर महिन्याला गोळ्या आणायला जायचं. वर्षभर तरी, डॉक्टर म्हणाले. सोडायच्या न्हाईत, बरं वाटलं तरी.

रवि. १० एप्रिल

वि.बाई आल्या. मोठ्या खुशीत, पुरणाचं सामान घेऊन. मी चहा टाकला.

"आक्का, पाणी लागलं."

कुठं?

"परसात. शोभानं हात केलता तिथं. खणत होते, खडक लागला, लोक म्हणाले सोडा. महादेवच्या बापानं सोडलं न्हाय. परवा पाणी. गोड पाणी. सगळी गल्ली बघून गेली."

चहा उतू गेला माझा.

त्या म्हणाल्या, पाडव्याला न्यायला येतो. गोळ्या बंद. गोळ्यांनीच वारं बसलंय, देवी रुसली तर विहीर आटंल. महादेव दाराशी उभा, जमिनीकडं बघत. मी म्हटलं, जावई, तुम्ही बोला. तो म्हणाला, "पाणी खरंच लागलंय हो."

आता ह्याला मी काय सांगू? पाणी लागलंय.

गंगव्वा म्हणते, निपाणीत कुठंबी खणलं तर पाणी लागतं. पण ते निपाणीत, पिरनवाडीचं तिला काय माहीत.

बुध. १३ एप्रिल

उद्या पाडवा. उद्या येणार.

गोळ्यांची पुडी चिंगीच्या दुपट्यात शिवली. महादेवला बाजूला घेऊन सांगीन, एक सकाळी, दोन निजताना. तो मान हलवील. त्याची मान मला माहीत हाय. न्हाय पाठवत म्हणून दार लावून बसावं, असं पण वाटतं. शोभाला विचारलं, जायचं का? म्हणाली, "नवऱ्याचं घर हाय की." मग, "तू सांग."

सूनबाईनं सावकारांच्या घरनं चांदीची डबी धाडलीय, रिकामी. तिला आता लागत न्हाय म्हणे.

चिंगीचं नाव ऱ्हायलंच. शोभा म्हणते, तू ठेव. मी म्हणतो, तू.

दुपारी आम्ही दोघी विड्या वळत होतो. चिंगी मध्ये सुपाशेजारी, दोऱ्याकडं बघत. शोभाचा हात आज बराच कमी कापत होता. एकदम थांबली.

"आई, ती विहीर खणली न्हवं परसात."

"व्हय."

"किती खोल हाय?"

मी म्हटलं, मला माहीत न्हाय. ती परत वळायला लागली. मी तिच्या जुडीतली एक विडी उचलली, आणि उकलायचं धाडस झालं न्हाय.